डाव्या पंखातलं सोलकापड

खाली सही करणारी मी, वय बहात्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा (सहा वर्षांपूर्वी बंद केला), राहणार याच घरात, खालच्या मजल्यावर, माझ्यामागे कोणाला काय द्यायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे; त्यांनी विचारलेले वार आणि वजाबाक्या मी बरोबर सांगितल्या. अक्षर हललेलं दिसेल, ते वयामुळे नाही, भीतीमुळे. अशा कागदावर कोणाचं दडपण नाही असं लिहायची पद्धत आहे. माणसाचं दडपण नाही. रविवारचं आहे. रविवारी, एकोणीस तारखेला, माझा धाकटा भाऊ आम्ही दोघांनी घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवणार आहे.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. म्हणाल्या, "सोपं असतं, आजी. रिकाम्या जागा भरा आणि सही करा." मला एवढ्यावर भागवता आलं नाही.

कलम १. घराचा खालचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, माझ्या भाचीला द्यावा. भाची म्हणजे याच धाकट्याची मुलगी. बापलेक वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतली ठेवही तिचीच. न्हाणीघराची खिडकी उचलून लावली तरच लागते, हे तिला सांगून ठेवते, कारण ती शाळेत गणित शिकवते पण खिडकी ढकलूनच बघते. माझ्या कपाटातल्या साड्या तिने हव्या त्या ठेवाव्यात आणि उरलेल्यांची चिंध्यांसाठी पोतडी करावी. शेडमध्ये चिंध्या कधी पुरत नाहीत.

कलम २. माझ्या धाकट्या भावाला मी या कागदाने काहीही देत नाही. एक पक्कडसुद्धा नाही. हे वाचून तो कागद आपटेल. ओळखून आहे मी त्याला. आपटून झाला की परत उचलावा. कारण कलम आठमध्ये दिलं आहे, आणि ते रागाचं नाही.

कलम ३. अंगणातली शेड आणि तिच्यातल्या विमानातला माझा अर्धा वाटा भाचीला द्यावा. विमानाला आम्ही गोगलगाय म्हणतो, कारण ते बांधायला अकरा वर्षं लागली.

हे कसं सुरू झालं ते लिहायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला कळायचं नाही. धाकटा बसगाड्यांचा मिस्त्री. पन्नाशीनंतर त्याने फ्लाइंग क्लबात जाऊन विमान चालवायचा परवाना काढला, आणि एका रविवारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी कवळीचा साचा भरत होते. म्हणाला, "ताई, तू हे जे करतेस ना, साचा, रेझीन, घासणं, तेच मोठं केलं की विमान होतं." मी म्हटलं, "मोठं म्हणजे केवढं?" त्याने दोन्ही हात पसरले, आणि पुरेना म्हणून दारापर्यंत चालत गेला. तेवढ्यावर मी हो म्हटलं. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू केल्या होत्या. ज्याच्या आत माणूस बसतो असं काही करून बघावंसं वाटलं.

फोमचा गाभा कापायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यात रेझीन मुरवायचं, सुकलं की पत्र्याहून कडक. काम असं दिसायला सोपं. अवघड आहे ते वेळेचं. रेझीन कालवलं की हातात पंचवीस मिनिटं असतात. तेवढ्यात लावून झालं नाही तर वाटीतच दगड होतो. मग चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. आणि ओलं काम चालू असताना शेडमध्ये कोणी घासकाम करायचं नाही, कारण धूळ बसली की थर थराला धरत नाही. एका खोलीत दोन माणसं, एक ओलं करणारं आणि एक घासणारं, एकाच वेळी मावत नाहीत. पहिली सात वर्षं आम्ही बोलून बोलून ते जमवलं. गेली चार वर्षं न बोलता.

कलम ४. हत्यारं. कवळ्यांच्या वेळचा वजनकाटा, मिनिटं मोजायची तीन घड्याळं आणि रेझीनच्या वाट्या भाचीला. काटा सपाटीवर ठेवल्याशिवाय वापरू नये. सहा क्लॅम्प शेजारच्या सुताराकडे आहेत. तो नऊ वर्षं "उद्या आणून देतो" म्हणतो आहे. ते आता त्यालाच दिले, म्हणजे त्याला माझ्यासमोरून जाताना रस्ता बदलावा लागणार नाही. माझ्या दवाखान्याचे जुने दंतवैद्य, ज्यांनी माझ्या कवळ्या स्वतःच्या म्हणून परिषदेत दाखवल्या, त्यांना माझा मोठा आरसा द्यावा. बाकी काही बोलू नये.

कलम ५. भिंतीवरचा फळा आणि तासांची वही.

फळा मी केला. त्याला चार रकाने: करायचं, सुकतंय, तयार, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. चिठ्ठ्यांना रंग आहेत. पिवळी म्हणजे पाव तासाचं काम, निळी म्हणजे तासाचं, लाल म्हणजे अख्खी पाळी खाणारं. हाताशी पाव तास असला तर माणसाने पिवळी उचलावी, विडी ओढत बसू नये. हा टोमणा कोणाला आहे ते त्याला कळेल. या फळ्यामुळेच विमान पुरं झालं, असं मी आजही म्हणते. याच फळ्यामुळे मी हा कागद लिहिते आहे, हेही खरं.

वहीत कोणी किती तास काम केलं ते आहे. चार वर्षांपूर्वी विमानतपासनीस पंखांचे कणे, म्हणजे पंखाचा भार घेणाऱ्या आतल्या तुळया, बघायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर मी ती वही मोठ्याने वाचली. माझे सव्वीसशे तास, धाकट्याचे नऊशे. कशाला वाचली? त्या दिवशी तो उशिरा आला होता, आणि राग माझ्या नाकावरच असतो. तपासनीस गेल्यावर तो म्हणाला, "तू तास लिहीत बस. विमान मी करतो." मी म्हटलं, "मग माझ्या वेळात शेडमध्ये पाय ठेवू नकोस." तो म्हणाला, "तुझा वेळ कुठला?" मी फळ्यावर लिहून दिला. सकाळी सात ते अकरा माझी पाळी, दुपारी चार ते आठ त्याची, मध्ये कुलूप. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी चिठ्ठ्यांनीच बोलतो. भाचीने समेटाचा दोनदा प्रयत्न केला. "आत्या, अहो, दोघं एकाच जिन्यावरून वर-खाली करता आणि पत्रव्यवहार कसला करता?" असं म्हणाली. मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

एक कबूल करते. त्या वहीत त्याच्या वर्कशॉपातले तास नाहीत. इंजिन त्याने तिकडे, नोकरी संपल्यावर, मित्राच्या गाळ्यात उतरवून जोडलं. ते मला माहीत होतं. मी ते धरले नाहीत, कारण ते माझ्या शेडमध्ये झाले नव्हते. वही जाळावी.

कलम ६. बरण्या. फडताळात काचेच्या अकरा बरण्या आहेत आणि त्यांत पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या. लोकांना त्या कचरा वाटतील.

काचकापडाचा थर ओला असताना त्यावर नायलॉनचं एक पातळ कापड अंथरतात. सुकल्यावर ते सोलून काढायचं, म्हणजे खाली खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो आणि पुढचा थर त्याला घट्ट धरतो. आम्ही त्याला सोलकापड म्हणतो. ते सोलायचं राहिलं तर पुढचा थर खालच्या थराला नाही, नुसत्या नायलॉनला चिकटतो. दिसायला काही कळत नाही. रेझीन प्यायलेलं सोलकापड पारदर्शक होतं. म्हणून नियम असा की ज्याने लावलं त्यानेच सोलायचं, आणि सोललेली पट्टी चिठ्ठीसकट बरणीत टाकायची. ही माझी कवळ्यांपासूनची सवय. धाकट्याला बरण्यांचं हसू येतं. त्याच्या पाळीतल्या पट्ट्या तो बऱ्याचदा सरळ कचऱ्यात टाकतो. हे पुढच्या कलमासाठी लक्षात ठेवावं.

कलम ७. डावा पंख.

तीन आठवड्यांपूर्वी उड्डाणाची कागदपत्रं करताना मी बरण्या रिकाम्या केल्या आणि पट्ट्या वहीशी ताडून पाहिल्या. माझ्या हातच्या सगळ्या असायला हव्या होत्या. एक नाही. डाव्या पंखाचा मुख्य कणा, बुडाकडचा भाग, हातभर लांब. दुसऱ्यांदा पाहिल्या. भाचीला काहीतरी खोटं सांगून तिच्याकडून तिसऱ्यांदा मोजून घेतल्या. नाही.

मग मला तो दिवस आठवला. दोन वर्षं झाली. कणा तपासून झाला होता. मी त्यावर शेवटचा थर दिला आणि सोलकापड अंथरलं. रंगीत धाग्याचं कापड मिळतं, ते विसरलं तर डोळ्यांना दिसतं. ते संपलं होतं म्हणून मी शिलकीतलं पांढरं लावलं. निघताना माझ्या सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवसाचा फळा लावला. सकाळी आल्याआल्या पहिलं काम सोलायचंच, म्हणून चिठ्ठी आदल्या दिवशीच सुकतंयमधून उचलून तयारमध्ये ठेवली. तयार म्हणजे खरं तर सोलून झालेलं, पुढचा थर घ्यायला मोकळं; पण मी नेहमीच असं करायची. वेळ वाचतो.

सकाळी सातला दार उघडलं तर माझ्या टेबलावर बोटभर धूळ. धाकट्याने आदल्या संध्याकाळी दुसऱ्या टोकाला शेपटी घासली होती आणि झाडलं नव्हतं. माझं टाळकं सरकलं. चिठ्ठी लिहिली, "आवरल्याशिवाय मी हात लावणार नाही," ती टेबलावर आपटली आणि पाठ फिरवून घरी आले. तीन दिवस गेले नाही. तयारमधली चिठ्ठी तयारमध्येच राहिली. चौथ्या दिवशी गेले तेव्हा टेबल पुसलेलं होतं, पंखाचं वरचं कवच कण्यावर चिकटवून झालं होतं आणि चिठ्ठी झालंमध्ये होती. मी समजले की त्याने सोललं. खरं म्हणजे मी काही समजलेच नाही. माझ्या डोक्यात टेबलाचा विजय होता.

त्याने सोललं असेल आणि पट्टी कचऱ्यात टाकली असेल. किंवा तयार म्हणजे तयार, असं धरून त्याने त्यावरच कवच बसवलं असेल. दोनच शक्यता आहेत, आणि बाहेरून कळायला मार्ग नाही. मी नाण्याने अख्खा पंख ठोकून पाहिला. आवाज सगळीकडे सारखा, खणखणीत. तपासनीसांना आडून विचारलं.

"समजा कापड आत राहिलं, तर ठोकून कळतं का हो?"

"नाही कळत. कोणाचं राहिलंय?"

"समजा म्हटलं ना."

"समजा राहिलं तर तो जोड आज भार घेईल, उद्याही घेईल. पंखावर वाळूची पोती रचून करतात ती चाचणीसुद्धा पास होईल. मग एखाद्या दिवशी ऊन आणि हादरे एकत्र आले की न सांगता सुटेल. कोणाचं राहिलंय, बाई?"

मी चहा टाकते म्हणून उठले.

आता कोणीही म्हणेल, वर जाऊन भावाला विचारायला पाच मिनिटं लागतात. लागतात. पण हे विचारलं की ते बोलणं पंखापाशी येऊनच थांबणार. त्याला आठवलं नाही, तर कवच कापून बघावं लागेल. कापलं की पुन्हा बसवायला सात महिने. आणि धाकट्याचा उड्डाणाचा वैद्यकीय दाखला या महिनाअखेर संपतो. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं आहे, हृदयाचं बघता हा शेवटचा, पुढचा मिळणार नाही. म्हणजे मी तोंड उघडलं की त्याचं उडणं संपलं. आणि आत कापड निघालंच नाही तर? तर मी अकरा वर्षांचं काम आणि त्याचा एकुलता एक रविवार माझ्या शंकेपायी कापून टाकला, असं होईल. तोंड उघडलं नाही तर तो एकटा वर जाईल. पहिल्या उड्डाणाला दुसरं माणूस बसवत नाहीत. ते नीट झालं तर पुढच्या रविवारी भाची बसेल. तिने हेल्मेटसुद्धा घेतलं आहे. परवा ते घालून मला दाखवायला आली, आणि मी तिच्याकडे न बघता भांडी घासत राहिले.

तीन आठवडे झाले. जेवण जात नाही. चिठ्ठी चार वेळा लिहून फळ्यावर लावली आणि त्याची पाळी सुरू व्हायच्या आत काढून आणली. शेडची किल्ली लपवून पाहिली. काल ती परत खुंटीला लावली, कारण त्याच्याकडे दुसरी आहे हे मला माहीत आहे. दोनदा जिना चढले. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेले. आत तो कसलंसं गाणं गुणगुणत बूट पुसत होता. रविवारचे बूट. मी खाली आले.

मला मरणाची भीती नाही. तो पडेल आणि मी उरेन, याची आहे. आणि त्याहून खालची एक भीती आहे, ती लिहिताना लाज वाटते: चिठ्ठी मी आधीच सरकवली होती, हे त्याला कळेल. चार वर्षं मी बरोबर आणि तो चूक, यावर मी उभी आहे.

कलम ८. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी विचारलं, "साक्षीदाराने कागद वाचायचा असतो का?" त्या म्हणाल्या, "गरज नाही. सही समोर झाली एवढंच बघायचं." मी म्हटलं, "पण वाचला तर?" त्या म्हणाल्या, "वाचला तर वाचला, आजी."

म्हणून धाकट्याला काही दिलेलं नाही. त्याने साक्षीदार व्हावं म्हणून. पहिले साक्षीदार तपासनीस. त्यांनी फक्त सही बघावी. दुसरा साक्षीदार धाकटा, आणि त्याने प्रत्येक पान वाचून मगच सही करावी अशी माझी अट आहे. तोंडाने सांगायला गेले तर माझं तोंड सवयीने धुळीवरून भांडण काढेल. लिहिलेलं मला मध्येच बदलता येत नाही. आज गुरुवार आहे. रविवारच्या आत तो हे वाचेल अशी दुसरी युक्ती मला सुचली नाही. बोलावलं तर तो येणार नाही, पण आपली ताई मृत्युपत्र करते आहे म्हटल्यावर येईल. एवढा तो चांगला आहे.

धाकट्या, आता तुलाच लिहिते. तू सोललं असशील तर तसं लिही आणि खुशाल उड. मी धावपट्टीच्या कडेला उभी राहीन आणि पुन्हा कधी तास मोजणार नाही. नक्की आठवत नसेल तर आठवतं असं लिहू नकोस. माझ्यासाठी नको आणि बुटांसाठीही नको. धूळ तू केलीस, पण चिठ्ठी मी सरकवली, आणि कापड माझं होतं. सोलायचं काम माझं होतं.

कलम ९. रविवारी माझ्या भावाला काही झालं, तर वरची सगळी कलमं रद्द समजावीत. मग कोणी काय घ्यावं याच्याशी माझा संबंध राहणार नाही.

हे सगळं मी माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळ बसून, सकाळच्या माझ्या पाळीत लिहिलं. या कामाला चिठ्ठी केली असती तर ती लाल झाली असती.

ठिकाण: घर, खालचा मजला
दिनांक: १६ ऑक्टोबर, गुरुवार

(सही) थोरली, कवळ्या बनवणारी

साक्षीदार १: सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही. बाईंनी पेन दोनदा खाली ठेवलं, म्हणून पाणी दिलं.
(सही) विमानतपासनीस, निवृत्त

साक्षीदार २: सगळी पानं वाचली. कलम दोनला कागद आपटला, परत उचलला.

ताई, मी सोललेलं नाही. चिठ्ठी तयारमध्ये होती. मी हातसुद्धा फिरवून पाहिला नाही, तुझं काम कधी कच्चं नसतं म्हणून.

तपासनीसांना रविवार रद्द झाल्याचं सांगितलं. फळ्यावर लाल चिठ्ठी लावली आहे: डावा पंख, कवच कापणे. उद्या सकाळी सात ते अकरा, पाळी दोघांची. करवत मी धरतो. तू समोरून पंख धर, आणि धुळीचं काही बोलू नकोस.

(सही) धाकटा